व्हर्टिकल निवडण्याआधी गच्ची मोजायला हवी होती

साताऱ्यातील आमच्या घराची गच्ची ११ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे. हे आकडे मला आता तोंडपाठ आहेत, कारण घरच्या हौशी रेडिओ केंद्रासाठी अनेक बँडांवर (वारंवारतेच्या पट्ट्यांवर) चालणारा उभा अँटेना, म्हणजे हॅम मंडळी ज्याला नुसते ‘व्हर्टिकल’ म्हणतात तो, निवडण्यात माझे जवळजवळ दीड वर्ष गेले आणि त्यातले पहिले दहा महिने मी भलत्याच गोष्टी ताडून पाहत होतो. कोणता खांब किती उंच, कोणता किती बँड देतो, कोणाला ट्यूनर, म्हणजे अँटेना संचाशी जुळवून देणारा डबा, लागत नाही, याचे तक्ते मी वहीत काढत होतो. खांबाच्या पायथ्याशी ज्या तारा, म्हणजे ‘रेडियल’, पसराव्या लागतात त्या आमच्या घरी कोठे पसरणार, हा प्रश्न मात्र त्या वहीच्या शेवटच्या पानावर आला. तो पहिल्या पानावर असता, तर पैसे आणि एक पावसाळा दोन्ही वाचले असते.

आधी व्हर्टिकल हवाच कशाला, हे सांगितले पाहिजे. माझ्याकडे ७ आणि १४ मेगाहर्ट्‌झ या दोन बँडांचा उलट्या ‘व्ही’सारखा बांधलेला तारेचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेला दोन हातांचा अँटेना, पूर्वीपासून आहे. त्याचा शेंडा जमिनीपासून सुमारे १० मीटरवर आहे. ७ मेगाहर्ट्‌झवर तरंगलांबी साधारण ४२ मीटर असते, म्हणजे हा डायपोल पाव तरंगलांबीइतक्याच उंचीवर आहे, आणि एवढ्या कमी उंचीवरच्या डायपोलची बहुतेक शक्ती थेट डोक्यावर जाते. आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरच्या थरावर आपटून ती खाली येते ती आसपासच्या चार-पाचशे किलोमीटरांत. त्यामुळे सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या ठरलेल्या वेळच्या रेडिओ-बैठकीत, पुणे, कोल्हापूर, नाशिक, गोवा येथील मंडळी अगदी शेजारच्या खोलीत बसल्यासारखी ऐकू येतात. रात्री युरोप उघडतो, म्हणजे तेथील स्थानके ऐकू येऊ लागतात, तेव्हा मात्र मी ऐकणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो आणि माझी हाक कोणाला पोहोचत नाही. दूरच्या स्थानकासाठी लहर क्षितिजाच्या जवळून, दहा-पंधरा अंशांच्या कोनातून निघावी लागते. सात मेगाहर्ट्‌झवर डायपोलने ते साधायचे तर तो निदान २० मीटर उंचावर न्यावा लागेल, आणि तसा मनोरा आमच्या गल्लीत उभारणे मला परवडणारे नाही व शेजाऱ्यांना रुचणारे नाही. पाव तरंगलांबीचा उभा अँटेना मात्र १० मीटरच्या काठीत मावतो आणि त्याची शक्ती खालच्या कोनातून सर्व दिशांना सारखी पसरते.

याचीच दुसरी बाजू अशी, की व्हर्टिकलच्या बरोबर डोक्यावर जवळजवळ काहीच जात नाही. साताऱ्याहून कोल्हापूरशी सात मेगाहर्ट्‌झवर बोलायचे तर लहर अठ्ठ्याहत्तर-ऐंशी अंशांतून वर जावी लागते, म्हणजे नेमकी तेथे, जेथे व्हर्टिकल आंधळा आहे. ज्यांचा आनंद सकाळच्या नेटमध्ये आहे, राज्यातल्या मित्रांशी गप्पा मारण्यात आहे, त्यांनी व्हर्टिकलच्या भानगडीत पडूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. कमी उंचीवरचा डायपोल त्यांना स्वस्तात अधिक सुख देईल. मी व्हर्टिकल घेतला तो डायपोल तसाच ठेवून.

आता त्या वाया गेलेल्या पावसाळ्याविषयी. एका ज्येष्ठ हॅम मित्रांनी घर बदलताना आपला जुना ट्रॅपवाला (ट्रॅप म्हणजे काय ते पुढे येईल) व्हर्टिकल मला देऊ केला. साडेसहा मीटर उंच, ७, १४, २१ आणि २८ या चार बँडांचा. मी तो जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लोखंडी पाइपाने घट्ट बांधला, पाइपाला घराच्या अर्थिंगची तार जोडली आणि कोअॅक्स, म्हणजे अँटेना व संच जोडणारी केबल, खाली आणून मीटर पाहिला. सात मेगाहर्ट्‌झवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना संचाशी किती जुळला हे सांगणारा आकडा (१ म्हणजे पूर्ण जुळणी), १.१ होता. मला इतका आनंद झाला, की मी त्या मीटरचे छायाचित्र काढून त्यांना पाठवले. त्यांनी उत्तरादाखल एकच प्रश्न विचारला : “रेडियल किती टाकल्या?” मी लिहिले, एकही नाही, गरजच पडली नाही. त्यावर त्यांनी हसण्याचे चिन्ह पाठवले, आणि त्या हसण्याचा अर्थ कळायला मला चार महिने लागले.

त्या चार महिन्यांत मला कोणी ऐकले नाही असे नाही, पण डायपोलवर जे ऐकत होते त्यांच्यापेक्षा फारसे वेगळेही कोणी ऐकले नाही. मी दोष ट्रॅपना दिला, कोअॅक्सला दिला, अगदी गावाच्या दक्षिणेला उभ्या असलेल्या अजिंक्यताऱ्यालाही दिला. किल्ल्याचा डोंगर शहरापेक्षा सुमारे ३०० मीटर उंच आहे आणि आमच्या घरून तो दक्षिणेचे क्षितिज दहा-बारा अंश झाकतो, हे खरे आहे. परंतु येथून युरोप वायव्येला, जपान ईशान्येला आणि अमेरिका उत्तरेकडे ध्रुवाच्या बाजूने असल्यामुळे माझ्या अपयशाचे खापर त्या बिचाऱ्या किल्ल्यावर फोडण्यात अर्थ नव्हता.

खरे कारण कागदावर मांडल्यावर सुटसुटीत दिसते. व्हर्टिकल म्हणजे अर्धा अँटेना. डायपोलचा एक हात उभा केला आणि दुसरा काढून टाकला, तर त्या दुसऱ्या हाताची जागा जमिनीने घ्यायची असते. रेडिओ संचातून वर खांबात जितका प्रवाह जातो तितकाच खाली जमिनीच्या बाजूने परत यावा लागतो, आणि जमीन ही तांबे नसून रोध आहे. त्यामुळे फीड पॉइंटवर, म्हणजे जेथे कोअॅक्स अँटेनाला जोडलेली असते तेथे, आपण जो रोध मोजतो त्यात दोन वाटे असतात : एक प्रारण रोध, ज्यात खर्च झालेली शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर पडते, आणि दुसरा जमिनीतल्या हानीचा रोध, ज्यात खर्च झालेली शक्ती माती आणि सिमेंट तापवते. साडेसहा मीटरच्या, म्हणजे सात मेगाहर्ट्‌झसाठी आखूड असलेल्या खांबाचा प्रारण रोध समजा १५ ओहम आहे, आणि रेडियल नसल्यामुळे परतीच्या वाटेवर ३५ ओहम आहेत. बेरीज ५०. कोअॅक्स ५० ओहमची, संच ५० ओहमचा, एसडब्ल्यूआर १, आणि मालक खूश. प्रत्यक्षात १०० वॅटपैकी ३० वॅट आकाशात जातात आणि ७० वॅट घराच्या भिंतीत. आता रेडियल टाकून तो हानीचा रोध ३५ वरून ८ वर आणला, तर बेरीज २३ होते, एसडब्ल्यूआर २.२ च्या आसपास जातो आणि मीटर नाराज होतो, परंतु आकाशात जाणारी शक्ती ६५ वॅट होते. म्हणजे अँटेना दुपटीहून चांगला झाला तेव्हा मीटरने तो बिघडल्याची वर्दी दिली.

मी नेमके हेच पाहिले. ऑक्टोबरात गच्ची वाळल्यावर चार तारा टाकल्या आणि एसडब्ल्यूआर १.१ वरून १.८ वर गेला. मी त्या तारा दोनदा काढल्या आणि दोनदा लावल्या, कारण आपण काहीतरी चुकीचे करतो आहोत याची मला खात्री होती. तिसऱ्या वेळी त्या तशाच ठेवल्या आणि रात्री इटलीच्या एका स्थानकाने पहिल्याच हाकेला उत्तर दिले. त्या दिवसापासून मी मीटरवरचा एसडब्ल्यूआर सर्वांत शेवटी पाहतो. नॅनोव्हीएनए नावाचे तळहाताएवढे उपकरण आता सहज मिळते आणि ते रोध व प्रतिक्रियता वेगवेगळे दाखवते. त्यात रोधाचा आकडा पाहत रेडियल वाढवत जावे. आकडा घसरायचा थांबला, की जमिनीची बाजू पुरेशी झाली असे समजावे. नंतर उरलेला फरक पायथ्याशी एखादे वेटोळे किंवा लहान ट्रान्सफॉर्मर लावून जुळवून घेता येतो. हा क्रम उलटा केला, तर माणूस हानी जपून ठेवतो आणि तिलाच उत्तम जुळणी म्हणतो.

जमिनीच्या बाजूचा हा अभ्यास जुना आहे. अमेरिकेत ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन या अभियंत्यांनी १९३७ मध्ये जमिनीतील तारांची संख्या आणि लांबी बदलून केलेली मोजणी प्रसिद्ध केली, आणि मध्यमलहरी प्रक्षेपण केंद्रांच्या मनोऱ्यांखाली १२० तारा पुरण्याची प्रथा त्यातून पक्की झाली. हौशी माणसाने १२० तारांचे नाव ऐकूनच खचून जायचे कारण नाही. रूडी सेव्हर्न्स या अमेरिकी हॅमने अलीकडच्या काळात अत्यंत काटेकोर मोजणी करून दाखवले आहे, की जमिनीवर पसरलेल्या तारांच्या बाबतीत पहिल्या सोळा-वीस तारांतच बहुतेक फायदा पदरात पडतो, आणि जमिनीपासून उचलून धरलेल्या, योग्य लांबीच्या चारच तारा जमिनीवरच्या कितीतरी तारांची बरोबरी करतात. माझ्यासारख्या गच्चीवाल्याला दुसरा निष्कर्ष देवासारखा भेटला, कारण आमच्या अंगणात सोळा तारा पसरायला जागा नाही आणि असती तरी खाली काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम आहे. त्यात उन्हाळ्यात पहार शिरत नाही, तर पुरलेल्या तारा कोठल्या जाणार?

येथे एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण ती पुष्कळदा मिसळली जाते. रेडियल तारा पायथ्याजवळची हानी कमी करतात. त्यापुढे, अँटेनापासून अनेक तरंगलांब्या दूरवर, जी जमीन लहरीला परावर्तित करून खालच्या कोनात बळ देते ती कशी आहे यावर आपले नियंत्रण नसते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता दर मीटरला ५ सीमेन्स आहे आणि सामान्य मातीची त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास. म्हणून मालवण किंवा रत्नागिरीला पुळणीवर उभारलेला साधा बांबूचा व्हर्टिकल जे करून दाखवील ते साताऱ्यात सोन्याच्या तारा घालूनही होणार नाही. कोकणातल्या हॅमचे अनुभव वाचून घाटावरच्याने हिशेब मांडू नये.

मग बाजारात काय आहे? ट्रॅपचे व्हर्टिकल सर्वांत ओळखीचे. हसलर ४बीटीव्ही हा साडेसहा मीटरचा चार बँडांचा आणि ६बीटीव्ही हा सव्वासात मीटरच्या आसपासचा सहा बँडांचा, ही त्यातली जुनी नावे. ट्रॅप म्हणजे वेटोळे आणि संधारित्र (कपॅसिटर) यांची समांतर जोडी. ती ज्या बँडासाठी असते त्या बँडावर वरचा भाग तोडल्यासारखा वागते आणि त्याखालच्या बँडांवर नुसते वेटोळे होऊन खांब विजेच्या दृष्टीने लांब करते. एकच खांब, एकच कोअॅक्स, मधे ट्यूनर नको, हा मोठा गुण. परंतु खांब आखूड असल्यामुळे खालच्या बँडांवर प्रारण रोध कमी, म्हणून जमिनीची हानी अधिक महाग, आणि ८० मीटरच्या (३.५ मेगाहर्ट्‌झच्या) बँडावर तर चालणारी पट्टी इतकी अरुंद, की थोडे सरकले की पुन्हा जुळवणी. देखभालीचाही प्रश्न आहे. मित्रांकडून आलेल्या खांबाच्या एका ट्रॅपचे पाणी निथळण्याचे भोक कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकले होते, आणि आत साठलेल्या पाण्याने २१ मेगाहर्ट्‌झचा रेझोनन्स, म्हणजे अँटेना आपोआप जुळतो ती वारंवारता, प्रत्येक पावसानंतर दुसरीकडे जाऊन बसत असे.

बटरनट एचएफ६व्ही हा सुमारे आठ मीटरचा खांब ट्रॅपऐवजी मोठ्या उघड्या वेटोळ्यांनी काम करतो आणि बहुतेक बँडांवर पूर्ण खांब वापरतो. तांत्रिकदृष्ट्या मला तो सर्वांत आवडला. मात्र त्याची जुळवणी म्हणजे एक बँड नीट केला की दुसरा रुसतो असा प्रकार आहे, आणि ती उघडी वेटोळी आमच्या कावळ्यांच्या स्वाधीन करण्याची हिंमत मला झाली नाही.

‘रेडियल लागत नाहीत’ अशी ज्यांची ख्याती आहे ते अर्ध्या तरंगलांबीच्या तत्त्वावर चालणारे व्हर्टिकल, उदाहरणार्थ कुशक्राफ्टचा पावणेनऊ मीटरच्या आसपासचा आठ बँडांचा आर८, यांचा मी पुष्कळ विचार केला. अर्ध्या तरंगलांबीच्या टोकाशी प्रवाह अगदी कमी असतो, त्यामुळे परतीच्या वाटेवरची हानीही कमी होते आणि पायथ्याशी लहानशा काड्या पुरतात. ही जाहिरातबाजी नाही, भौतिकी आहे. पण टोकाशी प्रवाह कमी असला तरी शून्य नसतो, आणि चांगला चोक, म्हणजे असा प्रवाह अडवणारे वेटोळे, नसेल तर तो राहिलेला प्रवाह कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून थेट घरात येतो. शिवाय पायथ्याच्या डब्यातला जुळणीचा ट्रान्सफॉर्मर मोठा व्होल्टेज सोसत असतो, आणि तो बिघडला तर सुटे भाग येथे मिळवण्यात वर्ष जाते. ज्यांना भाड्याच्या घरात किंवा सोसायटीच्या सामाईक गच्चीवर एका खांबापलीकडे काहीही लावू देत नाहीत, त्यांनी मात्र मागचा पुढचा विचार न करता हाच घ्यावा. जेथे रेडियलना परवानगीच नाही तेथे रेडियलवर अवलंबून असलेला अँटेना घेणे म्हणजे पाणी नसलेल्या गावात ऊस लावणे.

चौथा प्रकार सुमारे १३ मीटर उंच साध्या खांबाचा, पायथ्याशी ट्यूनर ठेवण्याचा. ७ आणि १४ मेगाहर्ट्‌झवर तो छान वागतो. १४ वर ती उंची पाच अष्टमांश तरंगलांबी होते आणि खालच्या कोनात जोर येतो. पण २१ वर तो जवळजवळ पूर्ण तरंगलांबीचा आणि २८ वर सव्वा तरंगलांबीचा होतो, त्याची शक्ती उंच कोनांत फुटते, आणि ट्यूनर तरीही समाधानाने ‘जुळले’ असे सांगतो. पुन्हा तीच मीटरची फसवणूक, फक्त दुसऱ्या वेषात. साताऱ्याच्या आषाढातल्या वाऱ्यात १३ मीटरचा खांब उभा ठेवायचा म्हणजे तणावाच्या दोऱ्यांचे दोन थर हवेत, हे वेगळेच.

शेवटी मी निवडला तो पाचवा प्रकार : १० मीटरची फायबरग्लासची, एकात एक बसणाऱ्या नळ्यांची काठी आणि तिच्या अंगाने वर नेलेल्या वेगवेगळ्या लांबीच्या तारा, ज्या पायथ्याशी एकत्र जोडलेल्या आहेत. प्रत्येक तार आपल्या बँडासाठी पाव तरंगलांबीची असते. संच ज्या बँडावर बोलतो त्या बँडाची तार सहज प्रवाह घेते, बाकीच्या आडमुठ्या होऊन बसतात. ट्रॅप नाही, वेटोळे नाही, ट्यूनर नाही, आणि तार तुटली तर गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घरगुती वायरिंगची तार आणता येते. लांबीचा हिशेब सोपा आहे : ७१.३ ला मेगाहर्ट्‌झने भागले, की मीटर मिळतात. ७.१ साठी १०.०४, १४.१५ साठी ५.०४, २८.५ साठी अडीच मीटर. प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार यापेक्षा दोन-तीन टक्के आखूड लागते, उलट लांब तारेच्या शेजारी असलेली आखूड तार काही वेळा थोडी लांब करावी लागते. म्हणून कापताना वीतभर जास्त ठेवावी आणि सर्वांत लांब तारेपासून जुळवत यावे. तारांमध्ये दहा-बारा सेंटिमीटर अंतर राहील असे पाण्याच्या टाकीच्या जुन्या पाइपाचे तुकडे मी मधे बसवले. २१ मेगाहर्ट्‌झसाठी वेगळी तार नाही. सातची तार तेथे पाऊण तरंगलांबीची होते आणि कामापुरती चालते. तिची शक्ती तेथे जरा उंच कोनातून जाते, हे मला ठाऊक आहे आणि मी ते पत्करले आहे.

बँड कमी ठेवण्यामागे आणखी एक विचार होता. सूर्याचे पंचविसावे डागचक्र कमाल टप्प्यात पोहोचल्याचे नासा आणि नोआ या संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. साधारण अकरा वर्षांचे हे चक्र आता उतरणीला लागले आहे, आणि डाग कमी झाले की वरचे बँड मंदावतात. २४ आणि २८ मेगाहर्ट्‌झवर दहा वॅटमध्ये जग ऐकू येण्याचे दिवस विरळ होत जातील आणि पुढची काही वर्षे आपल्याला १४ आणि ७ वरच काढावी लागतील. आज जो अँटेना विकत घ्यायचा तो पुढच्या पाच-सात वर्षांसाठी असतो. म्हणून आठ बँडांची यादी पाहण्यापेक्षा सात मेगाहर्ट्‌झवर पूर्ण उंची आणि पूर्ण रेडियल देणे मला शहाणपणाचे वाटले.

आता गच्ची. काठीचा पाया मी उत्तरेच्या कठड्याच्या मध्यावर घेतला, कठड्याला भोके न पाडता, कारण वॉटरप्रूफिंग केलेल्या गच्चीत ड्रिल मशीन घेऊन जाणाऱ्याला आमच्या घरात जेवण मिळत नाही. जुन्या टायरमध्ये सिमेंट ओतून मधे पाइप उभा केला आणि काठीला तीन बाजूंनी पॉलिएस्टरच्या दोऱ्या बांधल्या. नायलॉन ताणतो आणि उन्हात कुजतो. फीड पॉइंट स्लॅबपासून दोन मीटर उंच आहे. सातसाठीच्या चार रेडियल तारा प्रत्येकी १० मीटरच्या : दोन समोरच्या कोपऱ्यांकडे तिरक्या, दोन कठड्यालगत डावी-उजवीकडे जाऊन कोपऱ्यावर वळलेल्या. वळवल्याने स्वर्ग कोसळत नाही. समोरासमोरच्या तारा शक्यतो सारख्या असाव्यात, इतके पुरते. १४ साठी पाच मीटरच्या दोन आणि २८ साठी अडीच मीटरच्या दोन तारा त्यांच्याच जोडीने आहेत. स्लॅबमधले लोखंड खाली आहे, म्हणून तारा त्यापासून जितक्या वर धरता येतील तितके बरे.

या उंचीला दुसरेही कारण होते. आमच्या गच्चीवर एप्रिल-मे महिन्यांत कुरडया आणि सांडगे वाळत असतात, आणि रेडियलच्या टोकाशी शंभर वॅटलाही काही शे व्होल्ट असतात. त्या टोकाला चुकून हात लागला तर खोल, उशिरा बरा होणारा चटका बसतो. आईला मी हे समजावून सांगितल्यावर तिने विचारले, की कुरडया आधीपासून येथे आहेत, तर हलायचे कोणी? टोके आता सव्वादोन मीटरवर, हाताच्या आवाक्याबाहेर, इन्सुलेटरने बांधलेली आहेत, आणि कुरडयांच्या हंगामात दुपारी संच बंद असतो.

फीड पॉइंटवर चोक अनिवार्य आहे, विशेषतः उचललेल्या रेडियलमध्ये, कारण नाही तर कोअॅक्स स्वतःच पाचवी रेडियल होऊन बसते आणि जमवलेले सगळे संतुलन मोडते. मी ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या, २.४ इंची फेराइट कड्यावर पातळ कोअॅक्सचे बारा वेढे घेतले. जोडणीवर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी आणि तिच्यावर साधी काळी टेप, एवढे केले तर पावसाळा निघतो. वळवाच्या दिवसांत, पश्चिमेला ढग काळे दिसताच, कोअॅक्स संचापासून काढून खिडकीबाहेर टाकण्याची सवय लावून घेतली आहे. वीज पडण्यापासून याने घर वाचत नाही, संच मात्र लहानसहान धक्क्यांतून वाचतो.

काम झाल्यावर खरी उत्सुकता होती ती तुलनेची. १४.१०० मेगाहर्ट्‌झवर जगभरच्या १८ दीपस्तंभ-केंद्रांची साखळी पाळीपाळीने दहा-दहा सेकंद संदेश सोडते. प्रत्येक केंद्र आपले नाव १०० वॅटवर सांगते आणि नंतर चार लांब स्वर १००, १०, १ आणि ०.१ वॅटवर देते. आपल्याला कोणत्या स्वरापर्यंत ऐकू येते ते पाहायचे, अँटेना बदलायचा, तीन मिनिटांनी तेच केंद्र पुन्हा ऐकायचे. एका स्विचवर दोन्ही अँटेना घेऊन मी हा खेळ आठवडाभर केला आणि थोडा ओशाळलो, कारण १४ वर माझा जुना डायपोल अनेकदा व्हर्टिकलच्या बरोबरीचा किंवा वरचढ निघाला. नंतर लक्षात आले, की १० मीटर उंची म्हणजे १४ मेगाहर्ट्‌झवर जवळजवळ अर्धी तरंगलांबी, आणि त्या उंचीवरचा डायपोल आपल्या रुंद बाजूला दूरसाठीही चांगलाच असतो. माझ्या डायपोलची रुंद बाजू वायव्य-आग्नेय आहे, त्यामुळे फिनलंडच्या केंद्रासाठी तोच बरा. जपान त्याच्या टोकाकडे येतो, आणि तेथे व्हर्टिकल १ वॅटचा स्वर देत असताना डायपोल १० वॅटवरच थांबतो.

सात मेगाहर्ट्‌झवर अशी साखळी नाही, म्हणून तेथे मी एफटी८ या २०१७ मध्ये आलेल्या अंकीय पद्धतीचा आधार घेतला. तीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात आणि ऐकणारी केंद्रे आपला संदेश किती डेसिबलवर मिळाला हे आपोआप नोंदवतात. आळीपाळीने दोन्ही अँटेनांवरून हाका घातल्या, तर युरोपच्या त्याच केंद्रांकडून व्हर्टिकलला बहुतेक वेळा चार ते सहा डेसिबल अधिक मिळाले, आणि हैदराबाद-अहमदाबादच्या अंतरावर डायपोलने त्याला सहज मागे टाकले. सहा डेसिबल म्हणजे एक एस-युनिट, संचाच्या संकेतमापकावरचा एक अंक. कानाला हा फरक लहान वाटतो, पण गर्दीत आपली हाक ऐकली जाणे आणि न जाणे यांत तेवढेच अंतर असते.

ऐकण्याची गोष्ट निराळी निघाली. व्हर्टिकल जसा सर्व दिशांना बोलतो तसा सर्व दिशांचा कचराही गोळा करतो, आणि घरगुती उपकरणांचा गोंगाट उभ्या ध्रुवीकरणाला, म्हणजे उभ्या अँटेनाला, अधिक धार्जिणा असतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, समोरच्या इमारतीवरील सौर पॅनेलांचा इन्व्हर्टर. डायपोलवर जेथे काटा एस-३ वर असतो तेथे व्हर्टिकलवर तो संध्याकाळी एस-६ दाखवतो. आमच्याच स्वयंपाकघरातले दोन स्वस्त दिवे बदलल्यावर एक युनिट कमी झाले. समोरच्या इन्व्हर्टरविषयी बोलणी चालू आहेत. तोवर सात मेगाहर्ट्‌झवर मी डायपोलवर ऐकतो आणि व्हर्टिकलवरून बोलतो, म्हणजे ज्याच्या जोडीला हा नवा खांब आणला तो जुना डायपोल अजून रोज कामावर आहे.

पावसात तारांखालचा स्लॅब ओला झाला, की सातवरचा रेझोनन्स वीस-पंचवीस किलोहर्ट्‌झने खाली सरकतो आणि गच्ची वाळली की परत जागेवर येतो. आपला बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्‌झ एवढाच असल्यामुळे तार मी ७११० वर जुळवून ठेवली आहे, आणि जून ते सप्टेंबर तिला हात लावत नाही. १८ मेगाहर्ट्‌झसाठीची चार मीटरची तार कापून, गुंडाळून जिन्याच्या खोलीत टांगलेली आहे. तिच्या दोन रेडियलना गच्चीत जागा कोठे द्यायची हे ठरले, की ती वर चढेल.